धुतल्यानंतरची अकरा मिनिटं

पेशी मेली म्हणून प्रयोगशाळेत कुणी हळहळत नाही. काचेची नळी बदलायची, वहीत काट मारायची आणि पुढची पेशी पकडायची. पुण्याच्या त्या संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर ईश्वरी तोडकर सहा वर्षं हेच करत आली होती, आणि काट मारण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं.

काम मोठं किचकट. उंदराच्या मेंदूतून वाढवलेली एकेक चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, केसाहून बारीक काचेची नळी तिच्या अंगाला चिकटवायची आणि आत शिरणाऱ्या कॅल्शियमचा प्रवाह मोजायचा. पेशीचा नखरा असा, की शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं तरी सकाळभराची मेहनत पाण्यात. म्हणून तिथं एक दंडक होता. वीस मिनिटं नीट टिकलेल्या पेशीचीच नोंद धरायची. त्याआधी मेली तर दोष नळीचा, हाताचा नाहीतर नशिबाचा, आणि नोंद संगणकातल्या एका कप्प्यात ढकलायची. त्या कप्प्याला सगळे 'स्मशान' म्हणत, आणि हौसेनं तिकडं फिरकणारा अजून कुणी जन्मला नव्हता.

२०४३च्या जानेवारीत विद्यापीठानं नवा नियम काढला. प्रबंधासोबत टाकून दिलेल्या नोंदीही जोडायच्या, प्रत्येकीपुढे कारण आणि वेळ लिहून. ईश्वरीनं कपाळावर हात मारला. प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षेची तारीख पडली होती, आणि आता सहाशे बारा मेलेल्यांची हजेरी घ्यायची होती. एका सकाळी ती चडफडत कामाला बसली.

तिनं नोंदी वेळेच्या क्रमानं लावल्या. साध्या पेशी मन मानेल तेव्हा मेल्या होत्या. कुणी दुसऱ्या मिनिटाला, कुणी नवव्या, कुणी सतराव्या. मग तिनं औषधाच्या पेशी वेगळ्या काढल्या. या पेशी दोन दिवस औषधात ठेवून, मग स्वच्छ द्रावणानं धुऊन मोजल्या होत्या. औषध निघून गेल्यावर पेशी पूर्ववत होते का, एवढंच त्यात बघायचं होतं. टाकून दिलेल्यांत अशा दोनशे चौदा होत्या, आणि त्या सगळ्या धुतल्यानंतर अकराव्या ते तेराव्या मिनिटाच्या दरम्यान मेल्या होत्या.

ईश्वरीनं तक्ता पुन्हा लावला. पुन्हा तेच. हात चुकला असता तर तो कधीही चुकला असता, घड्याळ बघून नाही. मग तिला दुसरा प्रश्न पडला. वीस मिनिटं टिकलेल्या ज्या पेशींवर तिचा प्रबंध उभा होता, त्या का टिकल्या? औषध पेशीत किती शिरलं हे दाखवणाऱ्या जुन्या खुणा तिनं तपासल्या. त्या पेशींमध्ये औषध पुरतं शिरलंच नव्हतं. सहा वर्षं तिनं औषध न लागलेल्या पेशी जपून ठेवल्या होत्या आणि लागलेल्या फेकून दिल्या होत्या.

औषधाचं नाव होतं 'निवांत'. कानामागे चिकटवायची नखाएवढी पट्टी. दोन वर्षं नऊ महिने ती ईश्वरीच्या आईच्या कानामागे होती, आणि पहिली पट्टी ईश्वरीनंच लावली होती.

आता थोडं त्या औषधाबद्दल सांगायला हवं. चेतापेशीच्या अंगावर कॅल्शियमसाठी इवली इवली दारं असतात. निरोप आला की दार क्षणभर उघडतं, चिमूटभर कॅल्शियम आत शिरतं आणि त्या धक्क्यानं पेशी पुढच्या पेशीला निरोप देते. वेदना, भीती, बोट हलवणं, सगळं या दारांतून जातं. दार किती उघडायचं आणि कधी मिटायचं, हे ठरवणारी प्रथिनं दाराला आतून चिकटलेली असतात. ईश्वरीच्या मार्गदर्शक डॉ. मनीषा वाळिंबे यांनी शोधलेला रेणू या प्रथिनांना बिलगून बसे आणि दार अर्धवट लोटून धरे. निरोप जात, पण आरडाओरडा थांबे.

पूर्वी असं औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं लागत. आता आभासी मेंदू होता. प्रयोगशाळांच्या नोंदी शिकून तयार केलेलं हे संगणकी प्रतिरूप वीस वर्षांचे परिणाम आठवड्यात सांगे, आणि तेवढ्यावर परवानगी मिळे. फक्त ते शिकलं होतं निवडलेल्या नोंदींवर. पट्टी काढली की पेशी पूर्ववत होते, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं, कारण ईश्वरीनं त्याला तसंच शिकवलं होतं.

प्रत्यक्षात पेशी मुकाट्यानं बसत नाही. कॅल्शियम कमी पडतंय हे तिला कळतं आणि ती नवी दारं घडवते. तीही औषधानं लोटली जातात, मग ती आणखी घडवते. म्हणूनच निवांतची मात्रा दर सहा महिन्यांनी वाढवावी लागे. अशा पेशीवरून औषध एकदम काढलं, की दुप्पट-तिप्पट झालेली दारं एकाच वेळी सताड उघडतात आणि कॅल्शियमच्या लोंढ्यात पेशी मरते. बशीतल्या पेशीला त्याला अकरा मिनिटं लागतात. माणसाला किती लागतात, हे शोधायला ईश्वरीनं रुग्णांच्या नोंदी मागवल्या. पट्टी काढलेल्यांपैकी सात जण गेले होते, सगळे चार दिवसांच्या आत. प्रत्येकापुढे लिहिलं होतं, 'मूळ आजार'.

वाळिंबे मॅडमनी दुपारच्या दोन बैठका रद्द केल्या आणि दीड तास स्वतः मोजदाद केली. ईश्वरी समोर बसून राहिली. मॅडम आता चूक काढतील आणि आपल्याला वेड्यात काढतील, अशी तिला फार आशा होती.

"वीस मिनिटांचा दंडक माझा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "माझ्या गुरूंचा होता, मी तो तुम्हाला दिला. त्यांनाही कुणीतरी दिला असेल."

"उद्याच जाहीर करू या मॅडम."

"कर. आणि परवा सकाळी एकसष्ट हजार लोक कानामागची पट्टी उपटतील. औषध घातक आहे म्हटल्यावर माणूस पहिलं काय करतो?"

ईश्वरीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. खरं सांगितलं तर माणसं मरणार, आणि गप्प बसलं तरी मरणारच, फक्त सावकाश. ती खुर्चीतून उठली.

"हळूहळू कमी करता येईल," ती म्हणाली. "जादाची दारं पेशी आपणहून मोडते, वेळ दिला तर."

"किती वेळ? आठवड्याला दहा टक्के कमी करायचं का एक? बशीतल्या पेशी तीन आठवडे जगतात. उंदरांचा हिशेब माणसाला लागत नाही. आभासी मेंदू तर आपणच आंधळा करून ठेवलाय." मॅडमनी तक्ता मिटला. "उतरायचा वेग सांगता आला तरच बोलण्यात अर्थ आहे. त्यासाठी एक माणूस लागेल. रोज मोजता येईल असा, आणि बाहेर अवाक्षर काढणार नाही असा."

ईश्वरीची आई निवांतच्या पहिल्या चाळीस रुग्णांपैकी होती, हे मॅडमना ठाऊक होतं.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"घेतलंत मॅडम," ईश्वरी म्हणाली.

शैलजा तोडकर म्हणजे इचलकरंजीच्या नगरपालिका शाळेतल्या बोलघेवड्या बाई. भाजीवाल्याशी बोलायला लागल्या तर भाजी सुकायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या उजव्या गालात पहिली कळ गेली, आणि वर्षभरात चेहऱ्याच्या त्या एका मज्जातंतूनं बाईंचं तोंड बंद केलं. वारा लागला की कळ, घास चावला की कळ, शब्द उच्चारला की विजेचा झटका बसावा तशी कळ. दोन शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग शून्य. नोकरी सुटली. सात वर्षं त्या पेज पीत आणि मान हलवत जगल्या, त्यात नवरा गेला तेव्हाही त्यांना मोठ्यानं रडता आलं नाही. मग निवांत आली. पट्टी लावल्यावर दोन तासांनी आई म्हणाली होती, "ईशू, मला भूक लागलीय." ईश्वरी त्या दिवशी जितकी रडली तितकी बापाच्या वेळीही रडली नव्हती.

आता आई पुन्हा शिकवत होती. पॉवरलूमवर कामाला आलेल्या ओडिया बायकांना घराच्या पुढच्या खोलीत मराठी बोलायला शिकवायची. बँकेत काय बोलायचं, डॉक्टरला काय सांगायचं, भांडायचं कसं. भांडणाचा धडा बायकांना विशेष आवडे.

ईश्वरी शनिवारी घरी गेली. आईनं दारातच सुरुवात केली. "आलीस? किती वाळलीयास गं. त्या उंदरांना तरी खायला घालता का नाही तिथं?" मग शेजारच्यांची सून, नळाची नवी वेळ, वर्गातल्या सुजाता बेहेरानं मुकादमाला मराठीत कसं झाडलं, सगळं क्रमानं आलं. ईश्वरी हूं हूं करत जेवली. ती बोलायचं ठरवून आली होती, पण आई भाकरी चावता चावता हसत होती, आणि त्या हसण्यापुढे तिची जीभ उचलेना. मनात असंही येऊन गेलं, की तक्ता फक्त दोघींनी पाहिलाय. पुन्हा स्मशानात ढकलला तर कुणाला कळणार आहे? या विचाराची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही.

रविवारी सकाळी आई शेंगा फोडत बसली होती. "काय झालंय सांग की," ती म्हणाली. "कालपासनं माझ्या तोंडाकडं बघालीस नुसती."

ईश्वरीनं सांगितलं. पेशी, दारं, सात माणसं, एकसष्ट हजार माणसं. आईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे तिच्या बाबतीत नवल होतं.

"लावलीस तेव्हा म्हणाली होतीस, आई, नको वाटली तर काढून टाक."

"होय."

"आता काढली तर मी मरणार."

"होय."

"आणि नाही काढली तर?"

"मात्रा वाढत जाईल. तीन वर्षं, फार तर चार. त्याच्या पुढची मात्राच नाही. मग दारं औषधाला जुमानणार नाहीत, आणि शेवट तोच."

"आणि हळूहळू काढली, तुझ्या त्या टक्क्यांनी?"

"तर जगशील. पण जुनं दुखणं परत येईल. उतरताना आधीपेक्षा जास्तसुद्धा."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे कोंडून ठेवलंस की गं मला."

ईश्वरी सांडलेली टरफलं गोळा करू लागली.

"आणि आता मला विचारायला आलीयास, का सांगायला?"

"विचारायला."

"मग थांब."

ईश्वरीनं रजा वाढवली. दोन दिवस आई सगळ्यांशी बोलली, दूधवाल्याशी, शेजारणीशी, वर्गातल्या बायकांशी, फक्त पोटच्या पोरीशी नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. ईश्वरीला वाटलं, आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता आई म्हणाली, "सुजाताच्या कानामागंबी हाय ती पट्टी. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरनं दिली. तेवीस वर्षांची पोरगी. बाकी लोक काय म्हणून लावतात?"

"अर्धशिशी, धास्ती, झोप. तुझ्यासारखे दुखण्याचे फार थोडे."

"म्हणजे ते उतरले तर सुटले."

"हो."

"मग कधी सुरू करायचं?"

संस्थेच्या नीतिसमितीच्या पाच जणांना विश्वासात घ्यावं लागलं. मुलीनं आईवर प्रयोग करणं त्यांना रुचत नव्हतं, पण दुसरा माणूस शोधायचा तर आणखी दहा जणांना सांगावं लागलं असतं. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. मात्रा मॅडम ठरवणार, मोजणार ईश्वरी. कपाळाला बांधायचा एक पट्टा आईच्या नसांची धडधड चोवीस तास नोंदवणार. बाहेर बोलायचं नाही, या कागदावर आईनं सही केली. पोटात गोष्ट न ठरणारी बाई, पण ही तिनं ठेवली.

आठवड्याला चार टक्क्यांनी सुरुवात झाली. पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही आणि ईश्वरी हुरळली. चौथ्या आठवड्यात आई वर्गात "मला पावती पाहिजे" हे वाक्य शिकवत होती. "मला" म्हणाली आणि गालावर हात ठेवून थांबली. बायका वाट बघत राहिल्या. आईनं घसा बसल्याची खूण केली आणि उरलेला धडा फळ्यावर लिहून दिला. ईश्वरीनं आतल्या खोलीतून आकडा टिपला. टिपताना तिला स्वतःचा राग आला, पण टिपल्याशिवाय भागणार नव्हतं.

सहाव्या आठवड्यात आई स्वयंपाकघरात कोसळली. हातपाय ताठ, डोळे वर, चाळीस सेकंद. चार टक्के जास्त होतात, हे त्या चाळीस सेकंदांनी सांगितलं. मात्रा एक पायरी वर नेली, पंधरा दिवस थांबले आणि मग दोन टक्क्यांनी उतरू लागले. पट्ट्यावरची धडधड दर आठवड्याला उसळे आणि चार दिवसांत खाली बसे. पेशी दारं मोडत होती. दोन टक्के चालत होते. पण दारं कमी झाली तरी जुनं दुखणं थोडंच जाणार होतं? आई पुन्हा पेजेवर आली. पदर गालावर ओढून दिवसभर भिंतीशी बसायची. कळ आली की ईश्वरीचं मनगट धरायची, आणि सुटेपर्यंत तिथं बोटं उमटायची.

"थांबू या," ईश्वरी रोज म्हणायची. आई मान हलवायची आणि बोटांनी दाखवायची, आणखी दोन. मुदत संपेपर्यंत ती हेच दाखवत राहिली.

ऑगस्टात आकडा जाहीर झाला. आधी डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला फोन केला, मग वाळिंबे मॅडम पडद्यावर आल्या आणि चूक आपली असल्याचं त्यांनी सरळ सांगितलं. पट्टी काढू नका, आठवड्याला दोन टक्के, वर्षभर. तरी नऊ जणांनी उपटलीच. सहा वाचले. बाकीचे एकसष्ट हजार पायरी पायरीनं उतरू लागले, त्यात सुजाता बेहेराही होती. ईश्वरीचा प्रबंध नव्यानं लिहावा लागणार होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला वाटत होतं, आता आईनं फक्त टिकून राहावं.

त्याच आठवड्यात आईनं वर्गातल्या एका कागदाच्या पाठीवर लिहिलं, "माझी मात्रा परत वाढव."

ईश्वरीला आधी कळलंच नाही. "आई, इतकं उतरलीस. वीस-बावीस आठवडे उरलेत."

"उतरून कुठं जाणार?" आईनं लिहिलं. "सुजाता उतरली की तिची झोप जाते, जीव राहतो. मी उतरले की हे राहतं." तिनं बोटानं गाल दाखवला, पण टेकवलं नाही.

"त्या आधी आम्ही दुसरं काहीतरी शोधू."

"शोध की. मी बोलत बोलत वाट बघीन," आईनं लिहिलं.

"आणि नाही सापडलं तर? चार वर्षं, आई. फार तर."

आईनं कागद उलटा करून लिहिलं, "लोकांना वाट दावायची होती, दावली. आता मला विचारायला आलीस, का सांगायला?"

ईश्वरीनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, निर्णय तुझ्या आईचा आहे. ईश्वरीनं डब्यातून जुन्या मात्रेची पट्टी बाहेर काढली. पहिली वाकडी लागली, दुसरी घ्यावी लागली. ज्या हातांनी एकदा आईला न सांगता कोंडलं होतं, त्याच हातांनी आता तिच्या सांगण्यावरून पुन्हा कोंडायचं होतं. यापेक्षा पहिली वेळ सोपी होती.

मग दोघी वाट बघत बसल्या. दोन तासांनी आईनं बोटानं गाल चाचपला. मग तळहातानं. मग उठून चहा केला आणि गरम चहाचा मोठा घोट घेतला.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

ईश्वरीला हुंदका आवरेना. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. वर्गाच्या बायका आल्या होत्या, सुजाता पुढे होती, काळजीनं रात्रभर जागून डोळे सुजलेली. आईनं पदर खोचला आणि मुलीकडे वळली.

"रडायचं असलं तर आत जाऊन रड. मला बोलायचंय."

ईश्वरी आत गेली. मोजायचा पट्टा टेबलावर पडला होता, तिनं तो उचलला नाही. बाहेर आई भांडणाचा धडा घ्यायला लागली होती आणि बायका तिच्यामागून एकेक वाक्य म्हणत होत्या. ईश्वरी पलंगाच्या कडेला बसून आईचा आवाज ऐकत राहिली.